दहा बाय अकराच्या बेडरूममध्ये बाळाची जागा: एका घराचा प्रकरण अभ्यास

घर भाड्याचं, चौथ्या मजल्यावरचं. हॉल, स्वयंपाकघर आणि एकच बेडरूम. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आईला सातवा महिना लागला होता आणि दोघांच्याही मनाला एकच गोष्ट लागून राहिली होती: बाळाला स्वतःची खोली देता येणार नाही. मोबाइलमध्ये जमवलेले फोटो त्यांनी मला दाखवले. खिडकीखाली पांढरी क्रिब, म्हणजे बाळाचा कठड्याचा छोटा पलंग, वरून सोडलेली घोळदार जाळी, आत चारी बाजूंनी गुबगुबीत गाद्या, उशीला टेकवलेलं कापडी अस्वल, मागे भिंतीवर ढग. "यातलं जेवढं बसेल तेवढं बसवा," एवढंच बाबांचं म्हणणं होतं.

मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते आणि लहान घरात तान्ह्या बाळाची सोय हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. या घराचं काम सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण इथे एक गोष्ट फार स्पष्ट दिसली. बाळाच्या खोलीतली ऊब क्रिबच्या आत भरायची नसते. ती बाहेर, बाळाला घेऊन बसणाऱ्या माणसाभोवती उभी करायची असते. हे पटलं की लागणाऱ्या वस्तू निम्म्याने कमी होतात आणि दहा बाय अकराची खोली पुरते.

वेगळ्या खोलीची खंत

सुरुवात मी या खंतीपासूनच केली. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये बाळाच्या झोपेबद्दलच्या सूचना नव्याने जाहीर केल्या. निदान पहिले ६ महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीतच, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावं, असं त्यांत सांगितलं आहे. म्हणजे मोठं घर असतं तरी पहिले सहा महिने हीच खोली वापरायची होती. हे ऐकल्यावर आईचा चेहरा सैल झाला. घर लहान असल्यामुळे बाळाचं काहीतरी हुकतंय, हे ओझं आधी उतरायला हवं होतं. नाहीतर मग माणसं त्या ओझ्याची भरपाई वस्तूंनी करत राहतात.

त्याच सूचनांमधला दुसरा भाग फोटोंवर गदा आणणारा होता. बाळाला उताणं झोपवायचं, गादी सपाट आणि घट्ट हवी, आणि तिच्यावर नीट ताणून बसवलेल्या चादरीखेरीज काहीही नको. उशी नको, पांघरूण नको, मऊ खेळणी नकोत, कठड्याला आतून बांधायच्या गुबगुबीत गाद्या, म्हणजे बंपर, नकोत. पहिल्या काही महिन्यांत बाळाचं नाक-तोंड मऊ कापडात दबलं तर त्याला मान वळवून सुटका करून घेता येत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत तिथले झोपेतले अचानक बालमृत्यू साधारण निम्म्यावर आले. बंपरची विक्री तर तिथे २०२२ च्या कायद्याने बंदच झाली.

"पण ताई, मग ती रिकामीच दिसणार ना? एवढी हौस केली आणि बाळ उघड्या गादीवर?" आईने विचारलं. प्रश्न अगदी खरा होता. हौस कुठे करायची, एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

टेप घेऊन

खिडकीची भिंत ते समोरची कपाटाची भिंत हे अंतर ११ फूट, म्हणजे ३३५ सेंटिमीटर. त्यात कपाट ६० खोल आणि पलंग १५० रुंद. उरले १२५. त्यातले ५० खिडकीखालच्या टेबलाने खाल्ले होते. टेबल पलंगाला इतकं चिकटून होतं, की बाबा पलंगाच्या कडेवर बसूनच लॅपटॉप चालवायचे. कपाटाच्या बाजूला ७५ सेंटिमीटरची वाट होती. पलंगाचं डोकं एका लांब भिंतीला, आणि पायाकडे, जिथे दार आहे त्या भिंतीपर्यंत, १०५ सेंटिमीटर मोकळे.

या खोलीत क्रिब बसवायची तर टेबल बाहेर जायला हवं, यात दुमत होण्यासारखं काही नव्हतं. ते हॉलमध्ये गेलं, भिंतीला दुमडून ठेवता येईल अशा फळीच्या रूपात. पलंग खिडकीकडे सरकवला. पडदा नीट पडावा म्हणून तिकडे १५ सेंटिमीटर सोडले. त्यामुळे कपाटाच्या बाजूला एकदम ११० सेंटिमीटरचा पट्टा मोकळा झाला. बाबांची बाजू खिडकीकडे आली आणि त्यांना रोज पायाकडून उतरावं लागणार होतं. त्यांनी ते लगेच मान्य केलं. आईची बाजू मात्र मोकळी राहायलाच हवी होती. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, विशेषतः पोटावर टाके असतील तर, कुणाला ओलांडून उतरणं किंवा वाकून वळसा घालणं तिच्याकडून होत नाही.

क्रिबची जागा ठरवताना खिडकीखालचा कोपरा मी पहिल्यांदा बाद केला. फोटोंमध्ये क्रिब नेहमी तिथेच असते, कारण उजेड छान पडतो. पण तिथे ऊन येतं, झोत येतो, आणि ब्लाइंड्सची दोरी हाताशी येते. लोंबत्या दोरीचा फास बाळाच्या गळ्याला बसतो आणि तो आवाज न होता बसतो. या खिडकीला दोरीचे ब्लाइंड्स होते, ते घरमालकांना विचारून काढून ठेवले आणि साधा दांडा लावून पडदे टांगले. क्रिब आली आईच्या बाजूला, डोक्याकडच्या भिंतीला लागून, म्हणजे खिडकी आणि क्रिब यांच्यामध्ये अख्खा पलंग.

आता आकार. नेहमीची क्रिब आतून साधारण १२० बाय ६० सेंटिमीटरची असते. ती ठेवली असती तर पलंगाच्या २०० सेंटिमीटर कडेतले जेमतेम ८० आईला उतरायला उरले असते. मिनी क्रिब ९७ बाय ६० ची. ती ठेवली की मीटरभर कड मोकळी राहते, पाय खाली सोडून नीट उठता येतं. मिनी क्रिब लवकर अपुरी पडते हे खरं. पण या घराचा करारच फार लांबचा नव्हता, आणि रात्री चार-पाच वेळा उठणाऱ्या बाईच्या पायाखालची ती वीतभर जास्तीची जागा मला क्रिबच्या आयुष्यापेक्षा मोलाची वाटली. क्रिब आणि कपाट यांच्यात ५० सेंटिमीटर उरले. कपाटाचं एकेक दार ४५ चं. दार पूर्ण उघडतं, समोर उभं राहायला थोडं तिरकं व्हावं लागतं, एवढंच.

नात्यातून आलेली क्रिब

मिनी क्रिब विकत घेण्याआधी एक नाजूक प्रसंग निभवावा लागला. बाबांच्या मोठ्या बहिणीने आपल्या मुलांची क्रिब जपून ठेवली होती आणि ती मोठ्या प्रेमाने पाठवली होती. भक्कम लाकूड, सुंदर पॉलिश. पण तिचा एक कठडा खाली सरकणारा होता. असे सरकते कठडे खिळखिळे झाले की गादी आणि कठडा यांच्यात फट पडते आणि बाळ तिच्यात अडकतं. अमेरिकेत अशा क्रिबची विक्री जून २०११ पासून बंद आहे. शिवाय मी गजांमधलं अंतर मोजलं, ते साडेसात सेंटिमीटर भरलं. ६ सेंटिमीटरच्या आसपासची मर्यादा पाळावी लागते, कारण त्याहून रुंद फटीतून बाळाचं अंग बाहेर सरकतं आणि डोकं अडकून राहतं. टेप हाताशी नसेल तर थंड पेयाचा साधा कॅन गजांमध्ये घालून पाहा. तो आरपार गेला तर ती क्रिब वापरू नका.

आत्यांना वाईट वाटेल म्हणून बाबा कुचंबले होते. मी त्यांना मापं लिहून दिली आणि म्हटलं, "ताईंना कारण सांगा, निमित्त सांगू नका." त्यांनी फोन केला. आत्यांनी ऐकलं, त्यांनाही पटलं.

नवी क्रिब आल्यावर तिची गादी आम्ही लगेच तपासली. गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटं शिरत असतील तर गादी लहान आहे. हाताने दाबली तर खळगा राहता कामा नये. मोठ्या माणसाला ती गादी कडक वाटेल, आणि ती तशीच हवी. आईच्या अंगावरची चादर मात्र क्रिबच्या बाजूने रोज गादीखाली खोचायची, म्हणजे झोपेत ती कठड्यावरून आत पडणार नाही, हे मी तिला करूनच दाखवलं.

आजीची रजई

बाळंतपणासाठी आजी, म्हणजे आईची आई, येऊन राहणार होती आणि तिने महिनाभर बसून हाताने रजई शिवली होती. जुन्या मऊ कापडाचे तुकडे, मध्ये कापसाचा पातळ थर, कडेला बारीक धावदोरा. ती क्रिबमध्ये घालायची नाही म्हटल्यावर आजीने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अहो, मग थंडीत बाळाला पांघरूण घालायचंच नाही की काय?"

थंडीची सोय अंगातल्या कपड्यांनी करायची. हात बाहेर राहतील आणि खाली पिशवीसारखी बंद असेल अशी झोपायची पिशवी मिळते. ती तोंडावर सरकत नाही आणि बाळाने लाथाडली तरी निघत नाही. आपण जेवढे कपडे घालून त्या खोलीत सुखाने बसतो, त्यावर फार तर एक थर जास्त. बाळाला ऊब पुरतेय का हे मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघायचं. हातपाय गारच लागतात, त्यावरून अंदाज करायचा नाही. मान घामेजली असेल तर एक थर काढायचा, कारण अति उकाडाही तान्ह्या बाळाला धोक्याचा.

रजई कपाटात गेली नाही. बाळ जागं असताना, देखरेखीखाली त्याला पोटावर ठेवायला तीच वापरायची, असं आम्ही ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार, अजून रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पोटावर ठेवावं. त्यासाठी हॉलमधल्या फरशीवर जागा आखली आणि ही वेळ आजीच्या ताब्यात दिली. पुढे मला कळलं, की बाळ मान उचलायला शिकलं ते याच रजईवर, आणि आजी स्वतः समोर पालथी पडून त्याच्याशी बोलायची.

रात्रीचे दोन

या प्रकरणातला सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला. बाळाची खोली दिवसा कशी दिसते हे सगळे बघतात. रात्री दोन वाजता ती कशी चालते हे फार थोडे बघतात. नवजात बाळ दिवसरात्रीत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. म्हणजे रोज रात्री कितीतरी वेळा तेच काम, अर्धवट झोपेत. म्हणून मी दोघांना दिवे घालवून ते नाटक करायला लावलं. बाळाऐवजी टॉवेलची गुंडाळी. उठायचं, उचलायचं, डायपर बदलायचं, दूध पाजायचं, परत ठेवायचं.

पहिलाच अडथळा दिव्याचा. खोलीत एकच पांढरी ट्यूब होती आणि तिचं बटण दाराजवळ. आई अंधारात चाचपडत दारापर्यंत गेली, ट्यूब लागली आणि तिघांचेही डोळे दिपले. रात्री असा पांढरा, निळसर उजेड डोळ्यांवर पडला की झोप आणणारं मेलाटोनिन दबतं. बाळाचं स्वतःचं दिवसरात्रीचं घड्याळ पहिल्या दोन-तीन महिन्यांत हळूहळू बसतं, आणि रात्र अंधारी, दिवस उजेडाचा हीच त्याला मिळणारी खूण. म्हणून पायाकडच्या भिंतीशी, पलंगाच्या उंचीच्याही खाली, २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी दिवा लावला. त्याचा उजेड फरशीवर पडतो, क्रिबमधून बल्ब दिसत नाही. बटण आईच्या उशाशी. दिवसा मात्र पडदे उघडे ठेवायचे आणि घरातले आवाजही चालू द्यायचे.

दुसरा मुद्दा हाताच्या टप्प्याचा. पायाकडच्या भिंतीला दार आणि कोपरा यांच्यामध्ये ४० सेंटिमीटर खोल, कमरेच्या उंचीचं ड्रॉवरचं कपाट ठेवलं. तरी ६५ सेंटिमीटरची वाट राहिली. वर कडेने उंच असलेली बदलायची गादी, वरच्या ड्रॉवरमध्ये डायपर, पुसायचे कपडे, मलम, एक जास्तीचा अंगरखा. एक हात सतत बाळावर ठेवून दुसऱ्या हाताने सगळं निघालं पाहिजे. ज्या वस्तूसाठी दोन पावलं जावं लागतं ती चुकीच्या जागी आहे. हे कपाट भिंतीला पट्टीने आवळायचंच, ही माझी अट होती. भाड्याच्या घरात भोकं पाडायला माणसं कचरतात. पण रांगतं मूल ड्रॉवर बाहेर ओढून पायरीसारखं वर चढतं आणि कपाट अंगावर येतं. घरमालकांना फोन करून दोन भोकांची परवानगी घेतली. त्यांनी दोन वाक्यांत दिली. दिवसा डायपर बदलायला हॉलमध्ये जमिनीवर चटई. जमिनीवरून बाळ पडत नाही.

तिसरा मुद्दा खुर्चीचा, आणि ही या खोलीतली माझी सगळ्यात आवडती जागा. खिडकीकडच्या पायाच्या कोपऱ्यात ६५ सेंटिमीटरची खुर्ची बसली. पाठ उंच, हात एवढ्या उंचीचे की दूध पाजताना कोपर टेकेल आणि खांदे वर चढणार नाहीत, पायाखाली छोटं स्टूल. फोटोंमधली सगळी हौस आम्ही इथे आणली. मऊ उशी इथे, लोकरी शाल इथे, कापडी अस्वल स्टूलवर, आणि ढग खुर्चीतून समोर दिसतील अशा भिंतीवर, साध्या कागदाचे. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरपर्यंतचंच बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. कुशीत घेतल्यावर आपला चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणून भिंतीवरचे ढग आईसाठी आहेत, आणि आईसाठी असायला हरकत काय! क्रिबच्या वरची भिंत कोरी ठेवली, तिथून खाली पडेल असं काहीच नको.

खुर्चीबद्दल एक गोष्ट मात्र मी तिघांनाही बसवून सांगितली. खुर्चीत किंवा सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागणं फार घातक असतं. बाळ हात आणि उशी यांच्या सांदीत घसरतं आणि गुदमरतं. डोळे मिटायला लागले की बाळ क्रिबमध्ये ठेवायचं किंवा बाबांना उठवायचं. अगदीच पेंग येत असेल आणि दूध पाजणं भाग असेल, तर खुर्चीपेक्षा उशा-पांघरुणं दूर केलेला पलंग कमी धोक्याचा, आणि जाग येताच बाळ परत क्रिबमध्ये. बाबांनी स्वतःहून पहाटेची पाळी मागून घेतली. माझ्या मते या खोलीतली सगळ्यात चांगली सुधारणा तीच.

आवाज, हवा, रंग

खिडकी रस्त्यावर. झडपांच्या फटींना रबरी पट्टी आणि दुहेरी जाड पडदे, एवढ्याने रस्ता बराच मागे गेला, आणि दुपारनंतरच्या उन्हाचा ताव पण उतरला. त्यांनी एकसुरी आवाज करणारं यंत्र आधीच आणलं होतं आणि ते क्रिबला टांगायचा विचार होता. ते मी थांबवलं. २०१४ मध्ये अशा १४ यंत्रांची तपासणी 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात छापून आली. पूर्ण आवाजात, मीटरभर अंतरावरही ती सगळी यंत्रं ५० डेसिबलच्या वर गेली होती. ५० ही रुग्णालयातल्या नवजात कक्षांसाठी शिफारस केलेली मर्यादा. आमच्या खोलीत क्रिबपासून दोन मीटर लांबची जागा एकच होती, खुर्चीमागचा कोपरा. यंत्र तिथे, आवाज खाली, आणि बाळ झोपलं की बंद.

रंग एकाच भिंतीला दिला, पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा, आणि बाळ यायच्या बऱ्याच आधी. नवं ड्रॉवरचं कपाट एमडीएफचं होतं. अशा दाबून केलेल्या लाकडातल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू निघत राहतो, आणि नवं असताना सगळ्यात जास्त. म्हणून ते आधीच जोडून, ड्रॉवर बाहेर ओढून, खिडकी उघडी ठेवून हवेशीर केलं.

बाळ आल्यावर

दोन महिन्यांनी मी परत गेले. क्रिब रिकामी होती तशीच, चादर ताणलेली. खुर्चीच्या हातावरचं कापड मळलं होतं, म्हणजे ती वापरात होती. एक अडचण मात्र समोर आली. कपाटाचं दार कुरकुरायचं आणि क्रिब त्याच्या हाताभर अंतरावर. बिजागऱ्यांना तेल दिलं, आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे संध्याकाळीच बाहेर काढून ठेवायचे असं ठरलं. टेबल हॉलमध्ये गेल्याने बाबांचे कॉल आणि आजीची दुपारची झोप यांची टक्कर होते. तिच्यावर चांगला उपाय या घरात नाही. सध्या बाबा दुपारचे कॉल स्वयंपाकघरात उभं राहून घेतात.

पाचव्या महिन्यात बाळ हातांवर जोर देऊन छाती उचलायला लागलं, तेव्हा क्रिबची गादी एक खण खाली घेतली. बसायला लागायच्या आधी ती तळाच्या खणात जाईल. रांगायच्या आधी प्लगच्या भोकांना झाकणं आणि ड्रॉवरना आकडे लागतील. यंत्राच्या रिमोटमध्ये बटणासारखी सपाट बॅटरी आहे. ती गिळली तर काही तासांत अन्ननलिका जळते, म्हणून तो रिमोट आत्ताच घराबाहेर काढला.

मिनी क्रिब अपुरी पडली की, किंवा मूल कठड्यावर पाय टाकायला लागलं की, ती निघेल. तिच्या जागी ७० बाय १४० ची जमिनीवरची गादी टाकायचं ठरलं आहे. ११० सेंटिमीटरच्या पट्ट्यात ती घातली तर कपाटापर्यंत ४० उरतात आणि दार ४५ चं आहे. पण कपाटाच्या दाराखाली चार इंचांची पाटी आहे, म्हणजे दार जमिनीपासून तेवढं वर आहे. गादी तीन इंचांहून जाड घेतली नाही तर दार तिच्यावरून फिरेल.